कड्याच्या थांब्यावर सिनेमाचा शेवट

आष्टीला सिनेमा बघायला निघालेय म्हटल्यावर शेजारणीने माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं. तिचं चुकलं नाही. पुण्यात घराजवळचा चकचकीत मॉल सोडून यष्टीत हाडं खिळखिळी करून घ्यायची, तीही तेलुगू मारामारीच्या सिनेमासाठी, हे शाळेत जन्मभर पोरांना शहाणपण शिकवलेल्या बाईला शोभत नाहीच. पण माझी भाची तिथं गुरांची डॉक्टर आहे. तिनं फोनवर सांगितलं, "मावशी, इथं एका पडद्याचं सहकारी थेटर आहे. दिवाळीनंतर ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्यांना जायच्या दिवशी एक खेळ फुकट दाखवतात. बघायला ये." मी पडले फिल्म सोसायटीची जुनी सभासद. कुठकुठल्या देशांचे सिनेमे मी बघते आणि त्यांत झोपतेही, पण अंधारात ते कुणाला कळत नाही. म्हटलं, चला, हेही बघून टाकू.

नगर मागे पडलं आणि हिरवा रंग संपला. यंदा पावसाने या तालुक्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. डोंगर बोडके, नाले कोरडे, वाटेत पाण्याचे टँकर. सहकाराचं पीक मात्र जोमात होतं. थोड्या थोड्या अंतराला पाटी आणि बाण: दूध संघ, सूतगिरणी, पतसंस्था, साखर कारखाना. बाण दाखवतो तिकडं बघावं तर माळरान. एका नियोजित कारखान्याची कमान तेवढी बांधून झाली होती आणि तिच्या सावलीत तीन शेळ्या रवंथ करत होत्या. त्या तिघींचा तरी विकास झालेला बघून बरं वाटलं.

थेटर गावाच्या टोकाला होतं. दारावर संचालक मंडळाच्या नावांची पाटी, सिनेमाच्या पोस्टरपेक्षा मोठी. बाहेर टोळ्यांच्या ट्रक उभ्या होत्या, त्यांत पत्र्याच्या पेट्या, चुली, हंडे, गोधड्या, वर बांधलेल्या कोंबड्या. आत पुढच्या रांगेत संचालकांचे सोफे, त्यांच्यावर पांढरेशुभ्र टॉवेल. मागे आम्ही, लाकडी खुर्च्यांवर. भिंतींना चार मोठे कूलर होते आणि चारही कोरडे. प्यायला पाणी टँकरने येतंय तर कूलरला कुठून घालणार, असं मॅनेजरनं मलाच विचारलं. त्यानं आणखी एक खुशखबर दिली. सिनेमा हिंदीत डब केलेला मागवला होता, आला तेलुगूतच. "मारामारीला काय भाषा लागती म्याडम?" हे त्याचं म्हणणं.

बायकांच्या बाजूला माझ्या शेजारी मंगल बसली होती. पस्तिशीची, काटक, मांडीवर वाटेच्या भाकरीचं गाठोडं. ती आणि तिचा नवरा मिळून टोळीतला एक कोयता (ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, जोडपी मोजतात आणि जोडप्याला कोयता म्हणतात). आजवर पोरगी रेणुका उसाच्या फडावर त्यांच्याबरोबर असायची. यंदा ती पाचवीत गेली म्हणून पहिल्यांदाच तिला मागं, हंगामी वसतिगृहात ठेवलं होतं. सकाळीच सोडून आल्याचं मंगलनं सांगितलं आणि लगेच पदर नीट करत पडद्याकडं बघायला लागली. पडद्यावर अजून काही नव्हतं.

खेळ बाराचा होता. चेअरमनसाहेब दीडला आले. ते आल्याबरोबर सोफ्यासमोरच्या एका कूलरमध्ये कुठूनसं दोन घागरी पाणी आलं. मग नारळ, मग शाली, मग सहकाराने तालुक्याचा कायापालट कसा केला यावर भाषण. असा कायापालट झालेला आख्खा समुदाय परगावी ऊस तोडायला निघाला होता, तोच टाळ्या वाजवत होता. भाषण संपवून साहेब निघूनही गेले आणि सव्वादोनला सिनेमा सुरू झाला.

हीरो कालव्यातून वर आला. तो कसा आला, का आला, मला विचारू नका. त्यानं ट्रॅक्टरचा आस उपसून वीस माणसं उडवली, त्यातलं एक माणूस खाली यायला इतका वेळ लागला की मी तेवढ्यात चष्मा पुसून घेतला. गंमत म्हणजे पहिली शिट्टी हीरोला पडलीच नाही. कालवा दुथडी भरून वाहताना दिसला तेव्हा पडली. भाताची हिरवीगार खाचरं दिसली तेव्हा पब्लिक उभं राहिलं. पुढं हीरो उसाच्या फडात कोयता घेऊन शिरला आणि तिथं मात्र थेटर नाराज झालं. मागून एक म्हातारबा शांतपणे म्हणाले, "आरं, बुडख्यापून तोड की. निम्मा ऊस खालीच ठिवला बे तू." दुश्मन मेले त्याचं कुणाला काही नव्हतं, चांगला उभा ऊस आडवा झाला याची हळहळ होती.

सिनेमात एक आईही होती. तिचा अभिनय मला फार कच्चा वाटला. समोरच्याशी बोलताना भलतीकडं बघायची, ताट वाढताना चाचपडायची. मी वहीत तसं टिपूनही ठेवलं. मध्यंतरात मंगलनं गाठोडं सोडून मला बाजरीची भाकरी आणि कारळाची चटणी दिली. ती इतकी फर्मास होती की मी दुसरी भाकरीही मागून घेतली. खाता खाता तिनं मला अख्खी गोष्ट सांगितली. पोरगं तान्हं असताना पुरात हरवलं होतं, आता तेच मोठं होऊन आईच्या दारात रोज पाणी भरतंय आणि तिला पत्ता नाही. पोटचं पोर रोज समोर दिसतं आणि आईला ओळखू येत नाही, काय हा लेखक, असं मी मनात म्हटलं. तेलुगूचं अक्षर तिलाही येत नव्हतं. तिनं नुसतं बघितलं होतं.

साडेचारला दारात मुकादम (टोळीचा म्होरक्या) उभा राहिला आणि शिट्टी वाजवली. ट्रक निघणार होत्या. अजून पाऊण तासाचा सिनेमा बाकी होता. सगळे उठले. दरवर्षी असंच होतं म्हणे. साहेब उशिरा येतात, भाषण होतं आणि शेवट राहतो. माझ्या संतापाला पारावार राहिला नाही, पण माझ्या संतापाने ट्रक थोडीच थांबणार?

मंगल दोन पावलं जाऊन परत आली. "म्याडम, तुमी थांबनार हाव ना? मंग येवढं बघून ठिवा. त्या आईला पोराची वळख पटती का. आमची गाडी कड्याला थांबती, तुमची यष्टी बी तिथंच थांबती. तिथं सांगा."

मी हो म्हटलं. अगदी गळ्याशपथ म्हटलं.

थेटर रिकामं झालं. एकट्या बाईनं मागं का बसावं म्हणून मॅनेजरनं मला संचालकांच्या सोफ्यावर बसवलं. समोर तालुक्यातला एकमेव ओला कूलर, डोक्याशी पांढरा टॉवेल, पोटात दोन भाकऱ्या. पडद्यावर हीरो धरणाच्या दाराला साखळदंड बांधत होता, इथवर मला आठवतं. नंतर आठवतो तो मॅनेजर, "म्याडम, उठा, झाडायचंय" असं म्हणणारा.

भाचीचा निरोप घेऊन सहाची परतीची यष्टी पकडली आणि तिच्यात मी शेवट तयार केला. सोपं होतं, असल्या सिनेमांचे शेवट मला काय नवीन?

कडा हे वाटेवरचं गाव. तिथं ट्रक अजून उभी होती, आणखी एक कोयता घ्यायचा होता आणि तो आला नव्हता. दिवेलागण झाली होती. मंगल वरून वाकून वाटच बघत होती, तिच्याभोवती सगळी टोळी. मी रस्त्यात उभं राहून, वर्गात सांगायचे तशी हातवारे करून सांगितलं. धरणाचं दार उघडतं, पाणी येतं, हीरो जखमी होऊन चालत येतो, आई लांबूनच त्याचा चेहरा बघते, ओळखते आणि धावत सुटते.

मंगल म्हणाली, "म्याडम, ती आंधळी हाय की."

थेटरात उसावरून बोललेल्या त्या म्हाताऱ्यानं तोंड फिरवलं. चाळीस-चाळीस पोरांची कॉपी पकडलेली मी, भर रस्त्यात पकडली गेले. "मला झोप लागली," म्हटलं. खोटं बोलल्याची अशी लाज मला उभ्या जन्मात वाटली नव्हती.

"कूलरम्होरं बशिवलं आसंल," मंगल म्हणाली. रागावली नाही, हे जास्त लागलं. मग तिनंच टोळीकडं वळून आपल्या मनातला शेवट सांगितला, सावकाश, मला नव्हे, त्यांना. पोराच्या डोक्याला लहानपणीचा वण असतो. पाणी भरताना तो वाकतो आणि आईचा हात डोक्यावरनं फिरतो. वण हाताला लागतो. "मंग ती रडत न्हाई का वरडत न्हाई. जेवला का, म्हनती. बास."

ड्रायव्हरनं ट्रक चालू केली. निघता निघता तिनं माझ्या वहीत आपला फोननंबर लिहवून घेतला आणि माझा स्वतःच्या फोनमध्ये घालून घेतला.

पुण्यात आल्यावर पंधरा दिवसांनी मी तो सिनेमा घरच्या टीव्हीवर खरोखर शेवटपर्यंत पाहिला, उभ्यानं, झोप लागू नये म्हणून. आंधळी आई दारात उभी आहे, पोरगा समोर आहे, ती हात पुढं करते, आणि पडदा काळा. शेवटच्या इंग्रजी पाट्यांवरून उमगलं ते एवढंच की उरलेली गोष्ट दुसऱ्या भागात. म्हणजे चेअरमनसाहेब आयुष्यात एकदा वेळेवर आले असते, तरी ट्रकवाल्यांच्या वाट्याला अर्धाच सिनेमा होता. मी एकटीच खो खो हसले आणि मग हसू आवरलं.

त्याच आठवड्यात मंगलचा फोन आला, फडावरून. रेणुकाशी आत्ताच बोलणं झालं होतं. वसतिगृहात पोरगी जेवत नाही म्हणाली. मग विचारलं, "म्याडम, पाह्यला का मंग तो शिनेमा? काय हुतं शेवटाला?"

वही समोरच होती. आईच्या अभिनयाबद्दलची ओळ मी कधीच खोडली होती.

"तुम्ही सांगितलं तसंच," मी म्हटलं. "डोक्यावरून हात फिरवते. वण लागतो हाताला."

"आन् मंग?"

"जेवलास का, विचारते."

पलीकडं कोयत्यांचा आवाज येत होता. "मला ठावंच हुतं," मंगल म्हणाली, आणि रेणीला पुन्हा लावते म्हणून तिनं फोन ठेवला.