मावशींच्या मानेवरच्या चामखिळी

किनवटच्या वसतिगृहात मी नववीत होते, तेव्हा आमचा स्वयंपाक करणाऱ्या मावशींच्या मानेवर चामखिळी होत्या. पंधरा-वीस तरी असतील. मऊ, बारीक देठाच्या, कातडीच्याच रंगाच्या. एक डाव्या पापणीवरही होती. त्या वाढायला वाकल्या की मानेवरच्या हलायच्या. बाकी बाई स्वच्छ होती, आमच्यापेक्षा जास्त वेळा हात धुवायची.

सुरुवात मी केली. एकदा वरणात न शिजलेली डाळ दाताखाली आली आणि मी मोठ्यानं म्हणाले, "मावशींची चामखीळ गळून पडली वाटतं ताटात." सगळी पंगत हसली. एक मुलगी उठून बाहेर गेली आणि ओकली. माझं बोलणं तोवर कुणी एवढं कान देऊन ऐकलं नव्हतं, म्हणून मी थांबलेच नाही. शिवलं की लागण होते, हे मीच पसरवलं. त्यांच्या हातची भाकरी खाल्ली की घशात चामखिळी उगवतात, हेही. पाचवीच्या पोरी त्यांना बघून रडायला लागल्या. आम्ही ताट लांब धरायचो आणि त्या वरून भाकरी टाकायच्या.

एक दिवस त्यांनी मला नळापाशी गाठलं. "तू हुशार हायेस बाई. पुस्तकात काही लिवलंय का गं? कशानं जातंय हे?"

"चुना आणि धुण्याचा सोडा कालवून लावा," मी म्हणाले. "आठ दिवसांत गळतात."

"भाजत न्हाई ना?"

"नाही."

भाजतं हे मला ठाऊक होतं. आमच्या काकांनी अंगठ्यावर तेच लावलं होतं आणि महिनाभर ते बोंबलत होते.

मावशींनी मानेला लावलं आणि पापणीलाही. तिसऱ्या दिवशी त्या गळ्याभोवती पदर गुंडाळून आल्या. पदराखालून पू झिरपत होता, डोळा सुजून बंद झाला होता. तरी कामावर आल्या. त्या दुपारी मी तक्रारपेटीत चिठ्ठी टाकली: स्वयंपाकीणबाईंच्या अंगाला पू येतो, आम्ही जेवणार नाही. खाली चाळीस मुलींच्या सह्या घेतल्या. दुसऱ्या दिवशी वसतिगृहाच्या मॅडमनी त्यांना काढून टाकलं. पिशवी घेऊन त्या फाटकाबाहेर पडल्या, तेव्हा आम्ही खिडकीतून टाळ्या वाजवल्या.

पुढं मी शिकले. आता लातूरला शिकवणीच्या क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते. दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी माझ्या मानेवर चामखिळी आल्या. क्लासमध्ये मी ओढणी गळ्याभोवती गुंडाळून जायला लागले. शेवटी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी भिंगातून पाहिलं आणि म्हणाल्या, "काही नाही हो हे. कातडीला कातडी घासते तिथं येतात. वजन वाढलं, साखर वाढली, बाळंतपण झालं की जास्त. यांचा त्रास नाही, लागण नाही. नको असतील तर काढू, नाहीतर राहू द्या."

बधिर करायचं मलम लावलं, अर्ध्या तासानं मशिननं एकेक जाळली. दहा मिनिटंही लागली नाहीत. निघताना त्या म्हणाल्या, "परत आल्या तर घरी दोरा बांधणं, चुना लावणं असले उद्योग करू नका. काही बायका आयुष्यभराचा डाग घेऊन येतात माझ्याकडे."

पुढच्याच रविवारी मी किनवटला गेले. मावशी स्टेशनच्या मागं लेकीकडे राहतात असं कळलं होतं. ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. मानेची कातडी आक्रसून चकाकत होती. डावी पापणी वर ओढली गेलेली, डोळा पुरता मिटत नव्हता. मी कोण ते सांगितलं. नळापाशी खोटं बोलले, चिठ्ठीही मीच लिहिली, हेही सांगितलं.

"ठाऊक हाय," त्या म्हणाल्या. "मॅडमनं चिठ्ठी हातात दिली व्हती. लेकीनं वाचून दाखवली, पैली सही तुझीच व्हती. त्याच्यानंतर कुण्या शाळेनं कामाला ठेवलं न्हाई मला. रोग लागलेली म्हून लगनातल्या सैपाकालाबी बोलवीनात."

मी पाया पडायला वाकले. त्यांनी पाय मागं घेतले. वाकल्यावर माझी मान त्यांच्यासमोर आली असावी, कारण त्यांनी विचारलं, "तुलाबी आल्या व्हत्या व्हय? खपल्या दिसून राहिल्यात."

"हो. डॉक्टरांनी काढल्या."

"कशानं?"

मी मलमाचं, मशिनचं सगळं सांगितलं. त्या शेंगा फोडायच्या थांबल्या होत्या.

"दुखलं?"

"नाही."

"दुखाया पाह्यजे व्हतं," त्या म्हणाल्या, आणि सूप उचलून आत गेल्या.

 आतून कडी लागली, तेव्हा मी निघाले.