तीळ भाजणाऱ्या रचनाताई

लंडनजवळच्या स्लाऊमधल्या एका जपानी कंपनीचा सगळा डोलारा रचनाताईंच्या नाकावर उभा आहे, असं म्हटलं तर मालक ओगावा साहेबही मान डोलावतील. तीळ, समुद्री शेवाळ आणि सुकी मासळी भाजून भातावर भुरभुरायची कोरडी चटणी ही कंपनी बनवते. तिचं जपानी नाव फुरिकाके. रचनाताई पहिल्या दिवसापासून चटणीच म्हणतात. महाडच्या बाईला सुक्या मासळीचं अप्रूप ते काय! भाड्याच्या घरात सुकट भाजली की शेजारी नाक मुरडायचे आणि इथे त्याच वासाचा पगार मिळतो, याचं त्यांना भारी हसू येई.

चौदा वर्षांपूर्वी टायरच्या दुकानामागे एक शेड, दोन शेगड्या आणि चार माणसं, एवढाच पसारा होता. आता ट्रेडिंग इस्टेटच्या औद्योगिक वसाहतीत ऐसपैस जागा आहे आणि भाजणीला रचनाताईंच्या हाताखाली सहा बायका. मग एका सुपरमार्केटची मोठी ऑर्डर आली आणि तिच्यासाठी एक अवाढव्य सेकंडहँड मशीन. मशीन जमलं तर सात जणींचं काम दोघींत उरकणार. नाही जमलं तर ऑर्डर जाणार, मशीनच्या कर्जापायी ही जागाही जाणार. दोन्हीकडून संक्रांत बायकांवरच.

तीळ मशीनमधून छान सोनेरी निघत, पण तासाभराने पिंपात बघावं तर कडू. ब्रॅकनेलहून आलेला इंजिनिअर साकेत तीन दिवस आच कमीजास्त करत होता. कमी केली की तीळ कच्चे, वाढवली की कडू. कुठे बिनसतंय ते रचनाताईंनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं, पण त्या गप्प राहिल्या. साहेबांपासून इतक्या वर्षांत त्यांनी काही लपवलं नव्हतं, त्यामुळे हे लपवणं मनाला टोचत होतं.

उद्या सॅम्पल गेलं नाही तर ऑर्डर गेली, असं साहेबांनी गुरुवारी सांगितलं. रचनाताईंनी एक कोरा कागद पुढे केला.

“काय चुकतंय ते मला माहितीय. माझ्या बायकांना पॅकिंगमध्ये पर्मनंट घेणार असं आधी लिहून द्या. मग सांगते.”

“ताई, असं काय करता? बॉस आहेत ते,” साकेत मराठीत कुजबुजला.

“बॉस आहेत म्हणूनच लिहून मागतेय. तोंडी शब्दावर आमच्या माणसांनी फार दिवस काढले, बाबा.”

साहेबांनी पेन काढलं. रचनाताईंनी एकेक करत सहा नावं सांगितली. सही झाली तसा त्यांनी कागद स्वतःकडे घेतला.

“गरम तीळ तसेच पिंपात भरता तुम्ही. आतल्या आत भाजत राहतात ते. बाहेर निघाले की लगेच ट्रेमध्ये पसरा.”

साकेतने कपाळावर हात मारला. ट्रे आले, तीळ पसरले. तासाभराने साहेबांनी चिमूटभर तोंडात टाकले आणि बराच वेळ चावत राहिले.

“तो कागद द्या,” ते म्हणाले.

रचनाताईंना वाटलं, काम झालं, आता कागद फाटणार! त्यांनी तो पुढे केला, पण चिमटीतून सुटेना.

साहेबांनी नावं मोजली आणि सगळ्यांत वर सातवं नाव लिहिलं. स्वतःचं नाव सांगायचं रचनाताईंना सुचलंच नव्हतं.