कुमुदिनीच्या पाटल्या

माझे नाव एका चोरावरून ठेवले आहे, हे मला गेल्या डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी अकराच्या सुमारास समजले. स्थळ, कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीचे सभागृह. उपस्थिती चांगली होती. (वाईट बातमीला ती नेहमीच चांगली असते.) माझे वय तेव्हा बासष्ट होते आणि नाव मृगेंद्र.

पार्श्वभूमी अशी. मी एका मराठी दैनिकात बातम्यांच्या टेबलावर बसून नोकरी संपवली. दुसऱ्यांच्या चुका काढणे हे माझे काम. एकाच माणसाने सांगितलेली गोष्ट छापायची नाही, दुसरीकडून खात्री करून घ्यायची, हा नियम मी नव्या मुलांना इतक्या वेळा ऐकवला की पुढेपुढे ती मला येताना पाहून चहाला जात. माझ्या स्वतःच्या नावाच्या बाबतीत मात्र माहिती देणारी व्यक्ती एकच होती, आई. आणि आईला माहिती देणारी व्यक्तीही एकच, बाबा. ही साखळी एकदा तपासावी असे मला बासष्ट वर्षांत वाटले नाही.

आईची गोष्ट घरात सर्वांना पाठ होती. माझ्या जन्माच्या आधी बाबांनी तिला 'कुमुदिनीचा कौल' नावाची कादंबरी वाचून दाखवली. बाबा पाटबंधारे खात्यात कारकून. ते संध्याकाळी कचेरीतून आले की आई शिवण घेऊन बसे आणि बाबा शेजारी बसून एक प्रकरण वाचत. कादंबरी संपली, पुस्तक वाचनालयात परत गेले, आईने त्याला कधी हातही लावला नाही. नायकाचे नाव मृगेंद्र. गरीब, देखणा, शब्दाचा पक्का. कुमुदिनीवर संकट येते तेव्हा तो मुंबईची नोकरी सोडून धावत येतो, तिच्या हरवलेल्या पाटल्या चोराकडून परत आणतो, आणि शेवटी विहिरीवर तिच्या हातातली कळशी घेऊन म्हणतो, "आता हे ओझं माझं." दोघे नागपूरला संसार थाटतात. आईने त्याच दिवशी ठरवले, मुलगा झाला तर मृगेंद्र.

आत्या सांगायची की बारशाला बाबा भिंतीकडे तोंड करून बसले होते. दत्तात्रय ठेवा, एवढेच त्यांचे म्हणणे. का, ते सांगेनात. शेवटी आईच्या मनासारखे झाले, आणि बाबांनी ते नाव उभ्या आयुष्यात एकदाही उच्चारले नाही. ते मला बाळू म्हणत. (माझ्या लग्नपत्रिकेचा मजकूर त्यांनी लिहून दिला, त्यातही 'चि. बाळू' होते. आईने ते खोडले.) हा आम्ही त्यांचा साधेपणा समजत होतो.

मी लहानपणी काही खोडी केली की आई विचारी, "मृगेंद्राने असं केलं असतं का रे?" बाबा समोर वर्तमानपत्र वाचत बसलेले असत. अशा वेळी ते वर्तमानपत्र एकदम वर सरके आणि त्यामागून खोकल्याचा आवाज येई. मी बरीच वर्षे असे समजत होतो की बाबांना तंबाखूच्या वासाचा त्रास आहे. आमच्याकडे तंबाखू कोणीच खात नव्हते.

आता घटनेकडे येतो. सोसायटीत एक वाचनकट्टा आहे. तो जोगळेकरबाई चालवतात. कॉलेजात मराठी शिकवून त्या निवृत्त झाल्या, पण हजेरी घेण्याची सवय गेलेली नाही. लोकांच्या विस्मरणात गेलेल्या जुन्या कादंबऱ्या शोधून वाचायच्या, असा त्यांनी त्या वर्षी बेत काढला. शोधण्याचे काम शेखसाहेबांकडे होते. रविवार पेठेत त्यांच्या घराण्याचे घड्याळदुरुस्तीचे दुकान तीन पिढ्या चालले. आता दुकान मुलगा बघतो आणि शेखसाहेब जुन्या पुस्तकांचे ढीग बघतात. अशाच एका ढिगात त्यांना 'कुमुदिनीचा कौल' मिळाली. त्यांनी सगळ्यांसाठी तिच्या झेरॉक्स काढून आणल्या.

मी ती प्रत घेऊन घरी आलो तेव्हा आई देवापुढची वात नीट करत होती. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, पण हात थरथरत नाहीत. वात अर्धवट सोडून ती माझ्याकडे वळली.

"माझी कादंबरी? सापडली?"

मी लगेच जोगळेकरबाईंना फोन केला. "या खेपेला आई बोलेल. तिला कादंबरी पाठ आहे."

"पूर्ण?"

"अक्षरशः."

"बघू या," त्या म्हणाल्या.

सूचना मीच लिहिली. 'नायक मृगेंद्र याच्या उदात्त चारित्र्याने भारावून ज्यांनी आपल्या मुलाचे नाव ठेवले, त्या या कादंबरीविषयी बोलतील.' ती लिफ्टशेजारच्या फलकावर लावली आणि व्हॉट्सॲपवरही टाकली. झेरॉक्स मात्र मी वाचली नाही, आणि पाठ आहे म्हणून आईनेही उघडली नाही. जिच्यावरून आपले नाव पडले ती कादंबरी वेगळी वाचायची कशाला? माझ्या प्रतीवर सुनंदा, म्हणजे माझी पत्नी, कोथिंबीर निवडत असे.

पुढचे पंधरा दिवस लोक माझ्याशी जरा जपून बोलू लागले. तिसऱ्या मजल्यावरची आर्या हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये आहे. ती लिफ्टमध्ये म्हणाली, "काका, तुमची नोटीस आयकॉनिक आहे. एवढं ओपनली कोणी ॲक्सेप्ट करत नाही." मी आभार मानले. जोगळेकरबाई भाजीवाल्याकडे भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "तुमच्या मातोश्रींचा दृष्टिकोन फारच पुढारलेला दिसतो." त्याबद्दलही मी आभार मानले. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी सुनंदाला बाजूला घेऊन विचारले, "तुम्हाला काही त्रास नाही ना हो?" सुनंदा म्हणाली, "गुडघा सोडला तर नाही."

रविवारी आई बाबांनी घेतलेली इरकली नेसून खुर्चीत बसली. कागद घेतला नाही, चष्मासुद्धा पर्समध्येच ठेवला. समोर सगळ्यांच्या मांडीवर झेरॉक्स. तिने गोष्ट सांगायला सुरुवात केली आणि सभागृहात पाने उलटल्याचा आवाज होऊ लागला. आधी पुढे, मग मागे, मग पुन्हा पुढे.

"मग मृगेंद्र मुंबईची नोकरी सोडून आला," आई म्हणाली, "आणि कुमुदिनीच्या पाटल्या शोधून आणल्या त्याने."

आर्याने हात वर केला. "आजी, शोधून?"

"हो बाळा. चोराकडून."

"पण चोर तर..." आर्या माझ्याकडे बघून थांबली.

"आजींची आवृत्ती वेगळी असेल," शेखसाहेब हळूच म्हणाले.

"आवृत्ती एकच निघाली," जोगळेकरबाई म्हणाल्या. "दुसरी काढावी असं कोणाला वाटलं नाही."

येथे मी उठलो. कोणीही मला उठायला सांगितले नव्हते. पण माझ्या आईच्या माहितीवर संशय घेतला जात होता आणि मूळ मजकूर समोर उपलब्ध होता. अशा वेळी काय करायचे, हे मी आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवले होते. मी आर्याच्या हातातून प्रत घेतली. "कुठे आहे?" असे विचारले. तिने फार नाइलाजाने एका ओळीवर बोट ठेवले. मी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात वाचले :

"'तो नराधम मृगेंद्र कुमुदिनीच्या पेटीतील पाटल्या खिशात घालून त्याच पावली स्टेशनाकडे निघाला. मागे वळून पाहण्याची तसदीही त्याने घेतली नाही.'"

पूर्णविरामापर्यंत वाचले. सवय!

निवडणुकांचे निकाल ऐन वेळी फिरलेले मी पाहिले आहेत, पण इतकी शांतता पाहिलेली नाही. मागे कोणीतरी कॉफीत साखर ढवळत होते, तेही थांबले.

"सांभाळायला दिल्या असतील तिने," आई म्हणाली.

"नाही हो आजी," जोगळेकरबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "इंदूरला जाऊन दुसरं लग्न केलं त्याने."

"आणि कुमुदिनी?"

जोगळेकरबाई झेरॉक्सची पाने सारखी करू लागल्या.

"विहिरीवर गेली ना ती? कळशी घेऊन?"

"विहिरीवर गेली," शेखसाहेब म्हणाले. कळशीबद्दल ते काही बोलले नाहीत.

आईने हात पुढे केला. मी प्रत दिली. तिने पर्समधून चष्मा काढला आणि ओळीखाली बोट फिरवत वाचू लागली. शेवटच्या प्रकरणापर्यंत गेली. कॉफीवर साय धरली. मग तिने कागद मिटून मांडीवर ठेवले.

"ह्यांनी असं वाचलं नव्हतं."

बाबा जाऊन बरीच वर्षे झाली आहेत. ते कोणाचे कौतुक करत नसत. भाजीत मीठ कमी असले तर पाहुण्यांसमोर सांगत. आईने त्यांच्याबरोबर जन्म काढला तो एका हिशेबावर, की हा माणूस गोड बोलत नाही, पण बोलेल ते खरे असते. मी तिच्याकडे पाहिले. तो हिशेब ती पुन्हा मांडत होती, आणि तो जुळत नव्हता.

"म्हणजे रोज संध्याकाळी समोर बसून खोटं बोलत होते माझ्याशी," ती म्हणाली.

मी म्हणालो, "आई, घरी जाऊ या का?"

"तू बस. तू पुरेसं वाचलंस."

मी बसलो. आर्या खुर्ची सोडून आईच्या पायाशी जमिनीवर येऊन बसली. "पण आजी, आजोबा असं का करतील?"

आईने चष्मा काढून पर्समध्ये ठेवला. मग म्हणाली, "मधेच थांबायचे. पाणी प्यायचे. एकेका पानाला भांडंभर पाणी. मला वाटायचं, घसा कोरडा पडतोय." तिने मांडीवरचे कागद सारखे केले. "सातवा महिना होता मला. त्याच्या आधीचं एक गेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी ह्यांना समोर बसवून बजावलं होतं, हिच्या मनाला लागेल असं काही हिच्या कानावर येऊ देऊ नका."

बाबा सरकारी नोकर होते. वरून सूचना आली की ती पाळायची, आपले मत द्यायचे नाही, असे त्यांचे काम. त्यांनी ती सूचना शेवटच्या प्रकरणापर्यंत पाळली होती.

"मग दुसरी कादंबरी आणायची," जोगळेकरबाई म्हणाल्या. त्यांना पद्धतीतली चूक सहन होत नाही.

"अर्ध्यावर सोडते होय मी?" आई म्हणाली. "पुढे काय झालं, पुढे काय झालं म्हणून जीव खाल्ला असता त्यांचा." आणि एवढे बोलून ती हसली. मग तिला काहीतरी आठवले, हसू थांबले आणि ती माझ्याकडे वळली. "आणि बारशाला गप्प बसले! एवढं नागपूरपर्यंत रचता आलं, पण हे नाव नको, हा चोर आहे, एवढं तोंडातून निघालं नाही?"

"दत्तात्रय म्हणाले होते," मी म्हणालो.

"कारण सांगायला नको? तू तरी विचारायचंस."

"मी बारा दिवसांचा होतो, आई."

"मोठा झाल्यावर पेपरात होतास ना?"

शेखसाहेब चष्मा पुसत होते, तो बराच वेळ पुसत राहिले.

सभा संपण्यापूर्वी पुढच्या महिन्याचे पुस्तक ठरवायचे होते. आर्या म्हणाली, आजोबांची व्हर्जन. पूर्ण. जोगळेकरबाईंनी हरकत घेतली. "लेखकाने लिहिलंय ते हे आहे."

"लेखक आपल्यात कुठे बसलेत, बाई?" शेखसाहेब म्हणाले. "आजी बसल्या आहेत."

हात वर करून ठराव झाला. जोगळेकरबाईंचा हात सर्वांत शेवटी, पण वर गेला.

जानेवारीत आईने बाबांची कादंबरी पहिल्यापासून सांगितली. या वेळी कोणी पाने उलटली नाहीत. पाटल्या सापडल्यानंतर, विहिरीच्या थोडे अलीकडे, आई बोलता बोलता थांबली. तिने आर्याला पाणी आणायला सांगितले. सावकाश भांडे संपवले, आणि पुढे सांगू लागली. शेखसाहेबांनी माझ्याकडे पाहिले. त्या ठिकाणी मूळ कादंबरीत काय आहे, ते मी घरी येऊन तपासले. बाबांनी तिथे काय सांगितले होते, ते तपासण्याची सोय नाही.

लिफ्टशेजारची सूचना मी स्वतः काढून आणली. सुनंदाने तिच्या पाटल्या बँकेच्या लॉकरमध्ये ठेवल्या आहेत. लॉकर तिच्या एकटीच्या नावावर आहे. आणि त्या डिसेंबरातल्या रविवारपासून आई मला बाळू म्हणते.