केबल नसलेलं सहा नंबरचं पोर्ट

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींना हसणारी बाई आहे. कुणी "त्या पिंपळाखालून जाऊ नका" म्हटलं की मी मुद्दाम तिथूनच जाते. बाबा रेल्वेतले इंजिनिअर, मी सॉफ्टवेअरमधली... आमच्या घरात देव्हाऱ्यापेक्षा मल्टीमीटरला जास्त मान. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते आहे.

आम्ही मूळचे वर्ध्याचे. बाबांची सगळी नोकरी लखनौला मानक नगरात गेली. रिटायर झाल्यावर लखनौच्याच महानगर नावाच्या भागात, कपूरथला मार्केटच्या मागे फ्लॅट घेतला. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. मी घरूनच काम करते.

ऑफिसात केबली खोचलेला डबा असतो ना, तो नेटवर्क स्विच. त्याच्या एका नव्या चिपवर शून्य ते सात असे आठ अतिवेगवान सिरियल पोर्ट होते, आणि आमच्या ड्रायव्हरला, म्हणजे चिप चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, ते चालवता येत नव्हते. ते शिकवणं माझं काम. पोर्टला पॉवर द्यायची, वेग ठरवायचा आणि पलीकडे कुणी आहे का, हे दर सेकंदाला तपासायचं. असेल तर लॉगमध्ये, म्हणजे वेळेसकट आपोआप होणाऱ्या नोंदीत, 'लिंक अप', नसेल तर 'लिंक डाऊन'. ती चिप बसवलेला बोर्ड डायनिंग टेबलवरच मांडला होता.

केबल फक्त शून्य आणि एक नंबरात होती. तरी सहा नंबर 'लिंक अप' दाखवत होतं.

मी माझ्या सीनियरना, अवस्थी सरांना फोन केला. ते हसले. "अरे यार, नॉइज़ होगा. ख़ाली पोर्ट है, ड्राइवर में एक लाइन डालो, पॉवर डाउन. क्यों दिमाग़ ख़राब कर रही हो?"

बरोबरच होतं त्यांचं. मोकळं पोर्ट बंद ठेवायचं, ही आमच्याकडची साधी रीत. पण कारण कळल्याशिवाय बग झाकायचा नाही, हा माझा हट्ट. मी आठवडाभर लॉग चालू ठेवला.

त्याच आठवड्यात बाबांना मधूनच घाबरल्यासारखं व्हायला लागलं. ईसीजी नॉर्मल आला. डॉक्टर म्हणाले, कधी होतं ते लिहून ठेवा. रेल्वेचा माणूस तो... मिनिटाची चूक नाही. '१४:४२ जीव घाबरला. १४:४३ ठीक.'

डॉक्टरांना पाठवायला मी त्या नोंदी लॅपटॉपवर उतरवत होते. बाजूच्या खिडकीत लॉग उघडा होता. १४:४२, पोर्ट सहा डाऊन. १४:४३, अप.

योगायोग, म्हटलं. मग आधीची नोंद पाहिली. मग त्याआधीची. वहीत नऊ वेळा होत्या. लॉगमध्येही सहा नंबर नऊ वेळा पडलं होतं, त्याच मिनिटांना.

यानंतर मी जे केलं, त्याबद्दल मी स्वतःला माफ केलेलं नाही. शंका आली की तपासायचं, इतकीच अक्कल त्या वेळी चालली. बाबा समोर सोफ्यावर बसून मटार सोलत होते. सकाळचे अकरा वाजले असतील. मी सहा नंबरची पॉवर बंद केली.

बाबांचा हात थांबला. शेंग बोटांत तशीच. तोंड उघडं, पण श्वास आत जाईना. ते माझ्याकडे बघत होते. मी कमांड टाइप केली, चुकली. परत केली, परत चुकली... तिसऱ्यांदा कशीबशी लागली. लिंक अप.

बाबांनी लांब श्वास ओढला. "मने, पाणी दे गं. एकदम अंधारून आलं बघ." पाणी प्यायले, चष्मा लावला आणि वहीत वेळ लिहिली.

एका प्रयोगाने काही सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. पुन्हा करून बघ, असंही कुणी म्हणेल. तुम्ही तुमच्या वडिलांवर करून बघा.

पोर्ट बंद करणारी ती एक ओळ मी ड्रायव्हरमध्ये घातली नाही. ऑफिसने बोर्ड परत मागितला, तेव्हा तो जळाला म्हणून सांगितलं. आयुष्यात ऑफिसात बोललेलं हे माझं पहिलं खोटं. आता तो इन्व्हर्टरवर असतो. लाइट गेली की आधी मी त्याच्याकडे धावते, मग पंख्याकडे बघते. बाबा म्हणतात, "अगं, त्या डब्याला एवढं काय जपतेस? सेवाच चाललीये नुसती." मी हसून वेळ मारून नेते.

चिपची सगळी कागदपत्रं वाचली. चिपच्या सगळ्या सेटिंग्ज वाचून तपासल्या, बोर्डाजवळचा मोबाईलसुद्धा हलवला. काही सापडलं नाही. तुमच्यात कुणी हार्डवेअरवालं असेल तर सांगा, मी मनापासून ऐकीन. माझी चूक निघाली तर देवाला नारळ फोडीन, मी!

लिहायचं कारण वेगळंच आहे. मंगळवारी सात नंबरचं पोर्टही अप झालं. त्यातही केबल नाही. घरात आम्ही दोघंच.

काल दुपारी सात नंबर चार सेकंद डाऊन होतं, असं लॉग सांगतो. तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी होते, एवढं आठवतं. नंतर पाहिलं तर हातातला कप खाली पडून फुटला होता. तो कधी पडला, मला माहीत नाही.