फिझाचा मांगर

माझा नवरा बदरुद्दीन स्वभावाने गरीब, असं लोक म्हणतात. मी म्हणते, घुमा. इथे गल्फमध्ये, मुसफ्फाच्या वर्कशॉपमध्ये वेल्डर म्हणून आला, फोरमन झाला, पण पोटातलं ओठावर येणार नाही.

आमची फिझा आर्किटेक्ट. राजापूरच्या जमिनीवर घर बांधायचं ठरलं, तेव्हा तिने पहिल्यांदा स्वतःचं असं डिझाइन केलं. शेतात भात-पेंढा ठेवायचा मांगर असतो ना, तसं घर: लांबट, उतरत्या कौलांचं, छपराखाली वाऱ्यासाठी मोकळी पट्टी. ऑफिस सुटलं की त्यावर बसायची. तिच्या अब्बांना दाखवलं. अब्बा म्हणाले, "माशाल्ला, छान."

आज जेवताना माझ्या दिरांनी, फहदभाईंनी, गावाहून बांधकामाचा फोटो पाठवला. भिंतींवर कौलांच्या वाशांऐवजी स्लॅबच्या सळया बांधलेल्या. फिझाने घास खाली ठेवला.

"अब्बा, व्हॉट इज धिस?"

"मीच सांगितलं त्याला," हे ताटाकडे बघत म्हणाले.

"आणि हिला कोण सांगणार होतं?" मी म्हटलं. "मुलगी इथे कौलांचा रंग निवडतेय आणि तुम्ही तिकडे सळया बांधताय?"

"मला पत्र्याखाली झोपायचं नाही."

"पत्रा कुठे आहे? रूफ टाइल्स आहेत, अब्बा."

"आकार तोच."

मग तुकड्यातुकड्याने बाहेर आलं. हे इथे आले तेव्हा कामगारांच्या कॅम्पात जागा नव्हती. वर्कशॉपच्या शेडमध्येच झोपायचे. दिवसभर तापलेला पत्रा रात्री निवताना कडाकडा वाजायचा, दचकून जाग यायची. आणि मला शुक्रवारच्या फोनवर काय? "मजेत आहे, एसी रूम आहे." मी तेच गावभर सांगत होते. माझं डोकं आणखीच फिरलं.

मी तिथूनच फहदभाईंना फोन लावला. "काम थांबवा."

"भाभी, उद्या काँक्रीट येतंय. आणि बरंच झालं की. लोक म्हणाले असते, गल्फवाल्यांनी गोठा बांधला."

"लोकांना सांगा, भाभी भांडखोर आहे. खलास."

फोन ठेवून ह्यांना म्हटलं, "आता पोरीला सांगा, कसं घर हवं ते. तोंडाने."

फिझाने नकाशाचा कागद पुढे ओढला. ह्यांनी निजायच्या खोलीवर बोट ठेवलं. "एवढ्यावर पक्कं छत दे. बाकी तुझं राहू दे."

"ओन्ली धिस रूम?"

"पडवीला कौलंच हवीत. तिथे मी दिवसा बसेन."

तिने पेन्सिल घेतली. दोघं बोलत बसली, खिडकी कुठे, दार कुठे. मी भांडी आदळत होते. मुलीला जे जेवताना सांगता आलं, ते मला इतकी वर्षं सांगायला ह्यांना कुणी अडवलं होतं? आता दोघं गाढ झोपलीत. मी अजून ह्यांच्याशी बोललेले नाही.