एका पायावरचे काका

दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर टेकवून उभे असलेले काका मी चार वर्षांत फार तर पाच-सहा वेळा पाहिले असतील. एरवी त्यांचा एक पाय कायम अधांतरी. दात घासताना, फोनवर बोलताना, ग्रोसरीच्या रांगेत, लाँड्रीच्या खोलीत कपडे वाळायची वाट बघताना, हा सदुसष्ट वर्षांचा माणूस माकडटोपी, मुलाचा जुना कोट आणि पांढरेशुभ्र स्पोर्ट्‌स शूज घालून एका पायावर शांत उभा असायचा. मोजायचे तेही नुसत्या आकड्यांनी नाही. "एक खांब, दोन खांब, तीन खांब..." असे वीस खांब झाले की पाय बदलायचा. अमेरिकेतल्या ॲन आर्बरमधल्या आमच्या स्टॉपवर येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरबाईंना याची इतकी सवय झाली होती, की सोळाव्या-सतराव्या खांबाला बस आली तर त्या दार उघडून थांबायच्या. आत विद्यार्थी घड्याळं बघायचे. काका वीस पूर्ण करून, "थँक्यू मॅडम," म्हणत चढायचे.

हे माझ्या नवऱ्याच्या ऑफिसातल्या मित्राचे वडील. नागपूरकडे तीस वर्षं वीज मंडळात लाइनमन होते. बायको गेल्यावर मुलानं त्यांना इकडे आणलं. आमच्याच अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये, दोन इमारती सोडून ते राहायचे. दारात आले की "जय भीम" म्हणायचे, आणि मग तुमच्याकडे न बघता तुमच्या जमिनीकडे बघायचे. कुठे वायर आडवी गेलीय, कुठला बल्ब मंद आहे, कुणाच्या सपाता झिजल्यात, सगळं एका नजरेत टिपायचे. गालिचे आणि पायपुसण्यांवर तर त्यांचा विशेष राग. माझ्या नवऱ्यानं हौसेनं आणलेला काश्मिरी गालिचा त्यांनी पहिल्याच भेटीत गुंडाळून कोटांच्या कपाटात उभा करून ठेवला. "काका, अहो तो शोभेचा आहे," नवरा कळवळून म्हणाला. "हौ ना. कपाटात शोभते," काका म्हणाले. तो गालिचा पुन्हा बाहेर काढायची आमची कधी छाती झाली नाही.

माझी आई २००३ च्या हिवाळ्यात आमच्याकडे राहायला आली. सांगलीच्या शाळेत छत्तीस वर्षं भूगोल शिकवलेली, बाबा गेल्यावरही बँक, बाजार, तिकिटं सगळं एकटीनं करणारी बाई. डिसेंबरात एके सकाळी ती पार्किंग लॉटमध्ये पडली. डांबरावर नजरेला न दिसणारा बर्फाचा पातळ थर होता. हाड मोडलं नाही, नुसतं मनगट सुजलं. डॉक्टर म्हणाल्या, नशीबवान आहात. आम्हीही तेच म्हटलं आणि कामाला लागलो. पण आईच्या मनात मात्र काहीतरी मोडलं होतं. आधी ती बाहेर जायची बंद झाली. मग घरातही भिंत धरून चालायला लागली, सोफ्यापासून टेबलापर्यंत, टेबलापासून ओट्यापर्यंत. टबमध्ये पाय टाकायचा म्हणजे मी दारात उभी हवी. सांगलीला परत जाऊ म्हणायची, आणि लगेच विमानाचा जिना आठवून गप्प बसायची. डॉक्टरांनी दिलेला व्यायामाचा कागद फ्रिजवर लटकत होता. मी रोज विचारायची, "केलेस का?" ती रोज म्हणायची, "उद्या." बहात्तराव्या वर्षी माझी आई माझ्या डोळ्यांदेखत लहान-लहान होत चालली होती, आणि मी तिला घरात ठेवून नऊ वाजता लॅबमध्ये जात होते.

लाँड्रीच्या खोलीत काकांनी आम्हाला पाहिलं. आईनं माझं कोपर घट्ट धरलं होतं. अकराव्या खांबावर पाय खाली ठेवून ते म्हणाले, "ताई, तुम्ही जमिनीकडे पाहून राहिल्या. जमीन कुठं पळून जात नाही. समोर पहा." आणि दुसऱ्या दिवसापासून, कुणी बोलावलेलं नसताना, रोज अकरा वाजता ते आमच्या दारात उभे राहू लागले. फ्रिजवरचा कागद त्यांनी वाचून घेतला आणि म्हणाले, "यात चूक काहीच नाही. फक्त करणारं माणूस नाही."

शिकवणी साधी होती. ओट्याला धरून टाचा उचलायच्या. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि धप्पकन न पडता बसायचं. स्वयंपाकघरातल्या फरशीच्या रेघेवर एका पावलापुढे दुसरं पाऊल लावत चालायचं, ओटा हाताशी ठेवून. काका दोन हात अंतरावर उभे राहायचे, पण धरायचे नाहीत. आईनं एकदा घाबरून विचारलं, "तुम्हाला त्या खांबांवर भीती नाही वाटली कधी?" काका म्हणाले, "रोज वाटे. ज्याला नाही वाटत, त्याला साहेब वर चढूच देत नव्हते. भीती कमरेच्या पट्ट्यात ठेवायची ताई, पायात उतरू द्यायची नाही."

तीन आठवडे झाले आणि एक दिवस आई मध्येच खुर्चीत बसली. मला ताप होता म्हणून मी घरी होते. हे सगळं मी आतल्या खोलीतून ऐकलं. आई म्हणाली, "राहू द्या हो. मी अशीच बसून राहीन. माझं काय आता? काय बिघडणार आहे?"

काका हळू म्हणाले, "माझी बायकोही हेच म्हणे. मोरीत पडली. हाड तीन महिन्यांत जुळलं, डॉक्टरनं फोटो दाखवला. पण ती खाटेवरून उठलीच नाही. मी म्हटलं, जाऊ दे, घाबरते तर कशाला तरास द्यायचा. चहा हातात, जेवण हातात. लय सेवा केली मी. दोन वर्षांत पायातली ताकद सारी गेली, मग तीच गेली. तीस वर्षं खांबावर चढलो ताई, पण घरच्या माणसाला दारापर्यंत चालवलं नाही."

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. आई हात न टेकता उठली होती की टेकून, ते मला दिसलं नाही. पण थोड्या वेळानं तिचाच आवाज आला, "एक खांब, दोन खांब..."

फेब्रुवारीत काकांनी शेवटचा धडा काढला: पडल्यावर उठायचं कसं. कुशीवर वळा, गुडघ्यांवर या, खुर्ची धरा, एक पाऊल रोवा. पण त्यासाठी आधी झोपायला हवं. "परक्या माणसासमोर मी जमिनीवर लोळू?" आई कडाडली. तेव्हा काका स्वतः बैठकीच्या खोलीत आडवे पडले. उठून दाखवून ते पुन्हा आडवे झाले, ते पाहून चिडून आईही पडली. नेमक्या त्याच क्षणी समोरच्या आजीबाईंनी काचेतून पाहिलं, की दोन भारतीय म्हातारे जमिनीवर निपचित पडलेत. त्यांनी ९११ फिरवला. फोन मिळताच मी लॅबमधून पोचले तेव्हा दारात ॲम्ब्युलन्स आणि फायर ब्रिगेडचा लाल ट्रक, आणि आत दोन धिप्पाड जवान आपल्या अवजड बुटांसकट एका पायावर डगमगत उभे. काका त्यांना सांगत होते, "नो लुक डाउन! लुक स्ट्रेट!" आई खुर्चीत बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. डिसेंबरनंतर तिला हसताना मी पहिल्यांदा पाहत होते. खरं तर मला काकांना तेव्हाच काहीतरी म्हणायचं होतं. पण मी फायर ब्रिगेडवाल्यांना चहा विचारत बसले.

एप्रिलमध्ये बर्फ वितळला आणि आई एकटी मेलबॉक्सपर्यंत गेली. मग कोपऱ्यापर्यंत. मग एक दिवस बसनं लायब्ररीत जाऊन भूगोलाचं पुस्तक घेऊन आली आणि आम्हाला तीन दिवस मिशिगनच्या सरोवरांविषयी ऐकावं लागलं. कॉम्प्लेक्समधले इतर आई-वडीलही हळूहळू काकांच्या वर्गाला येऊ लागले. क्लबहाउसमध्ये आठ-दहा म्हातारे खुर्च्या धरून खांब मोजत असायचे. त्यातले दोघं तेलुगू होते. 'खांब' म्हणजे काय हे त्यांना शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं, पण मोजायचे सगळ्यांत मोठ्यानं.

२००७ मध्ये काकांच्या मुलाला पार पश्चिम किनाऱ्यावर, रेडमंडला नोकरी मिळाली. सगळं घाईघाईत झालं. ते निरोप घ्यायला आले तेव्हा मी कामावर होते. पुढे वर्षभरातच ते नागपूरला परत गेले आणि त्या पावसाळ्यात, अगदी थोड्या दिवसांच्या आजारपणानं, गेले. त्यांचे आभार मानायचं राहिलं, असं मी सगळ्यांना सांगते. पण ते पूर्ण खरं नाही. रेडमंडहून त्यांचा एकदाच फोन आला होता. मी घाईघाईनं सुरुवात केली, "काका, तुम्ही आमच्यासाठी जे केलंत ना..."

"ते राहू दे," ते म्हणाले. "आईला दे फोन."

"आई घरी नाही काका."

"कुठं गेली?"

मी घड्याळ पाहिलं. दुपारचे चार वाजले होते. बाहेर ऊन होतं, आईची चप्पल दारात नव्हती. "मला माहीत नाही काका," मी म्हटलं. "सांगून गेली नाही."

काका म्हणाले, "वा," आणि त्यानंतर कितीतरी वेळ आम्ही दोघंही फोन धरून नुसतेच उभे होतो.