पहेलवानाचे चार घास

गिरजाकाकू कुत्र्याला वाढायच्या आणि त्याच्याकडे पाठ करून बसायच्या. ॲल्युमिनियमची थाळी कडुनिंबाखाली ठेवायची, तोंड भिंतीकडे फिरवायचं आणि सूप मांडीवर घेऊन तांदूळ निवडत राहायचं. बपेरा गावच्या शाळेवर बदली होऊन मी त्यांच्याकडे भाड्याची खोली बघायला गेलो, तेव्हा हेच दृश्य दिसलं. मला वाटलं, बाईंचं कुत्र्याशी भांडण झालंय. तसं मी विचारलंही.

मागे न वळता त्या म्हणाल्या, "गुरुजी, तुमच्या ताटापुढं मी डोरे फाडून बसली तं तुमच्यानं जेवन होईन का?"

मी खरं ते सांगितलं. कोणीही बघत असलं तरी मला जेवण जातं.

"म्हनूनच पोट असं हाये," त्या म्हणाल्या. तोंड अजूनही भिंतीकडेच. माझं पोट त्यांनी कधी पाहून घेतलं होतं कोणास ठाऊक. खोली मी लगेच घेतली, दोन्ही वेळच्या जेवणासकट.

कुत्र्याचं नाव पहेलवान. पाय तुऱ्हाटीसारखे, कंबर दोन हातांच्या बोटांत मावेल एवढी, आणि भूक एखाद्या नव्या नवरीसारखी, चार घासांत संपणारी. असं नाव का ठेवलं, असं विचारल्यावर काकूंनी सांगितलं होतं, "गावानं त्याले मरतुकडा म्हनलं. त्याच दिवशी मी त्याले पहेलवान म्हनलं." काकू स्वतःही तशाच होत्या. वय पासष्टीचं, अंगावर लुगड्याचंच वजन जास्त. नवऱ्यामागं तलावाखालची दीड एकर धानाची शेती एकटीनं करायच्या. मुलगा विलास नागपूरला नोकरीला.

पहेलवानाला काय खायला घालावं, यावर गावात प्रत्येकाचं मत होतं. कोणी म्हणे भातावर तेल ओता, कोणी म्हणे गूळ-पोळी कुस्करा. समोरचे शामरावजी तर रोज ओट्यावरून विचारायचे, बाई, आज तरी कुत्र्याला जेवू घातलं का? काकू त्यांना उत्तर द्यायच्या की तुमचं खाऊन झालं असेल तर तोंडालाही विश्रांती द्या.

खरं तर त्यांनी त्या कुत्र्याच्या खाण्यावर जेवढा विचार केला होता, तेवढा मी माझ्या डी.एड.च्या अभ्यासावरही केला नव्हता. आधी ऑटोत घालून त्याला तुमसरला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. दात बघून घेतले, जंताचं औषध दिलं. डॉक्टर म्हणाले, कुत्रं निरोगी आहे, अंगकाठीच अशी आहे. मग काकूंनी एकेक पदार्थ लावून पाहिला. नवा पदार्थ द्यायचा तो जुन्यात चमचाभर मिसळून, आठवडाभर हळूहळू वाढवत. शेवटी ठरलं ते असं: जुन्या तांदळाचा मऊ भात, त्यात कधी उकडलेलं अंडं, कधी तलावातली मासोळी, काटा न् काटा वेचून. मीठ-मिरची नाही, कांदा-लसूण नाही. थोडं थोडं, दिवसातून तीनदा. खाऊन उरलं की थाळी उचलायची, आग्रह नाही. आणि दर रविवारी त्याच्या बरगड्यांवरून हात फिरवायचा. "हाड हाताले लागलं पाह्यजे, डोऱ्यात रुतलं नाही पाह्यजे," हे त्यांचं माप.

माझ्या डोळ्यांत मात्र ते हाड रुतायचं. मी पडलो मास्तर. समोर कोणी अशक्त दिसला की त्याला सुधारायचं, ही आमच्या धंद्यातली खोड.

पहिल्यांदा मी त्याला चोरून दूध-बिस्किटं दिली. दुसऱ्या दिवशी काकूंनी अंगण तीनदा धुतलं आणि मी तीनदा शाळेतल्या कामाचं निमित्त काढलं. मग मी तुमसरहून कुत्र्याच्या खाण्याचं पाकीट आणलं. त्यावर एक धष्टपुष्ट कुत्रा हसत होता. पहेलवानानं ते गोळे हुंगले आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला शाळेच्या दाखल्याची झेरॉक्स वाढली होती. त्याला हिंमत यावी म्हणून एक गोळा मी स्वतः चावून दाखवला. नेमक्या त्याच वेळी काकू पाण्याची गुंडी घेऊन आल्या. जरा थांबून त्यांनी एवढंच विचारलं की संध्याकाळचा डबा लावू का, की तुमचं यातच भागेल.

इथवर हसण्यासारखं होतं. यापुढचं नाही. मी विलासला फोन केला. भाड्याच्या कामासाठी त्याचा नंबर माझ्याकडे होता. मी कळकळीनं सांगितलं की तुमच्या आई फार वाळल्यात, कुत्रंही वाळलंय, दोघांच्याही पोटात काही जात नाही. आपण मोठं पुण्य केलं, असं वाटून त्या दिवशी मी एक पोळी जास्त खाल्ली.

दिवाळीनंतर गावची मंडई आली. आमच्या भागात मंडई म्हणजे घरोघरी पाहुणे, चौकात दंडारीचं लोकनाट्य आणि जवळजवळ प्रत्येक चुलीवर मटण. गुरुजी म्हटल्यावर मला सहा घरची बोलावणी. मी एकाही घराचा अपमान केला नाही. येताना मात्र प्रत्येक घरून पळसाच्या पानात हाडं आणि रस्सा-भात बांधून आणला. काकूंच्या चुलीवर तेव्हा वांग्याची भाजी होती, मटण त्यांच्याकडे शिजत नसे. त्या शेजारी गेल्या होत्या. मी पहेलवानापुढं ते सगळं मांडलं आणि त्यानं आयुष्यात पहिल्यांदा पोटभर खाल्लं. ते बघताना माझे डोळे भरून आले. मिरचीनं त्याचेही आले असतील.

दुपारी विलासची गाडी दारात थांबली, तेव्हा पहेलवान कडुनिंबाखाली आडवा पडून ओकत होता. पोट नगाऱ्यासारखं फुगलं होतं. त्याच गाडीतून आम्ही त्याला तुमसरला नेलं. डॉक्टरांनी सुई टोचली, सलाईन लावलं. शिजलेलं हाड आणि तेलकट रस्सा कोणी दिला, म्हणून विचारलं. विलासनं आईकडे पाहिलं. काकूंनी खिडकीबाहेर पाहिलं. मी भिंतीवरचा गाईच्या लसीकरणाचा तक्ता पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला.

घरी परतल्यावर विलासनं सांगून टाकलं, "माय, तुले आता सुधरत नाही. कुत्र्याले काय द्यावं ते समजत नाही, तं सोताचं काय करत असशीन? चार दिवसांची सुट्टी टाकून आलो. सामान बांध, नागपूरले चाल. शेती ठेक्यानं देऊ."

शामरावजींशी ओट्यावरून भांडणारी ही बाई गप्प राहिली आणि मीही गप्प राहिलो. तीन दिवस. त्या तीन दिवसांत त्यांनी डॉक्टरांनी सांगितलं तसं पहेलवानाला आधी नुसतं पाणी, मग चमच्याचमच्यानं पातळ पेज दिली. विलास शेजाऱ्यांकडे घराच्या किल्ल्यांचं बोलत होता. मी काय करत होतो? चौथ्या दिवशी सकाळी काकूंची लोखंडी पेटी गाडीपर्यंत उचलून नेत होतो. मदत करायची सवय सुटत नाही.

पेटी जड नव्हती. एका बाईचं अख्खं घर एवढं हलकं असतं, हे मला आधी माहीत नव्हतं. ती अंगणातच खाली ठेवून मी विलासला म्हणालो, हाडं मी घातली. सहा घरची. त्याआधीचं दूधही माझंच. तुमच्या आईंनी त्याला कधी चुकीचं काही दिलं नाही.

विलास गाडीपासून माझ्याकडे वळला. "म्हनजे फोनबी तुमचाच अन् हाडंबी तुमचीच."

मी हो म्हणालो. त्या क्षणी मला पाकिटावरच्या त्या हसऱ्या कुत्र्याची फार आठवण झाली.

"मले पहिल्या दिवशीच मालूम होतं," काकू म्हणाल्या. "माह्या चुलीवर कधी मटन शिजते का? मी बोलली असती तं पोरगा म्हनला असता, माय आता दुसऱ्यावर ढकलून राहिली. म्हनून वाट पाहून राहिली होती, गुरुजी कधी तोंड उघडते."

विलास तरी मागे हटेना. कुत्र्याचं सोड, तू स्वतःकडे बघ, असं तो म्हणाला. अंगात काय उरलंय? तिकडे सून वेळेवर ताट वाढेल, डॉक्टर जवळ आहे.

काकू उठून उभ्या राहिल्या. आवाज चढला नाही, पण शामरावजी ओट्यावर चहाचा कप तसाच धरून बसले. "इलास, मी जन्माची अशीच हाव. या हातानं तुले पोसलं तवाबी अशीच होती. दुबऱ्या मानसाले भूक कमी रायते, अक्कल कमी नाही राहत. मले काय पचते, किती पचते, कोनच्या घरात पचते, हे मले समजते. ज्या दिवशी नाही समजनार त्या दिवशी मीच फोन करीन. गुरुजी नाही करनार."

तेवढ्यात पहेलवान उठला. चार दिवसांनी पहिल्यांदा, पाय थरथरत. काकूंनी मऊ भात आणि अंडं त्याच्यापुढं ठेवलं. त्यानं चार घास खाल्ले, तोंड चाटलं आणि अर्धी थाळी टाकून सावलीत जाऊन बसला.

"बस, इतकंच?" विलासनं विचारलं.

"इतकंच. पोट त्याचं हाये," काकू म्हणाल्या आणि थाळी उचलून आत गेल्या.

विलासनं मला हातानं घराकडे खूण केली. पेटी मी परत आत नेली.

त्यानंतर तीन हंगाम काकूंनी धान घेतलं. तिसऱ्या वर्षी कापणी झाल्यावर दोन दिवस अंगात कणकण होती. त्यांनी स्वतःच विलासला फोन करून बोलावलं. तो आला तेव्हा शुद्धीवर होत्या, त्याच्याशी बोलल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच्या घरात, स्वतःच्या खाटेवर गेल्या. एव्हाना माझी बदली भंडाऱ्याला झाली होती. निरोप मिळताच मी पहिल्या बसनं गेलो.

मातीहून परतल्यावर विलास अंगणात माझ्याशेजारी येऊन बसला. म्हणाला, "गुरुजी, माय शेवटपर्यंत इथंच राहिली, तिच्या मनासारखी. तुमच्यामुळं."

एरवी खोटं बोलायला माझी हरकत नसते. पण त्या अंगणात ते जमेना. मी म्हणालो, माझ्यामुळं नाही, विलासभाऊ. मी असूनसुद्धा.